शिडाच्या जहाजाची प्रतिकृती आणि तिच्यावरचे दोर

शिडाच्या लाकडी जहाजाची प्रतिकृती दोन कामांनी पुरी होते. आधी खालचे अंग घडवायचे, म्हणजे कणा, बरगड्या, फळ्या, डेक. मग त्यावर डोलकाठ्या उभ्या करून दोर चढवायचे. या दुसऱ्या कामाला रिगिंग म्हणतात. पहिल्या कामात कारागिराला भक्कम आधार असतो. गोदीत जहाज बांधताना काढलेले आराखडे अनेक देशांच्या दप्तरांत जपलेले आहेत आणि बुडालेल्या जहाजाचे लाकूडही शेकडो वर्षे टिकू शकते. दोराचे तसे नाही. हेंपच्या वाखाचा दोर उन्हापावसात झिजे, तो उतरवून नवा चढवत, आणि जुन्याचा पीळ सोडून निघालेला वाख फळ्यांच्या फटी बुजवायला वापरत. त्यामुळे ज्या जहाजाचे सारे लाकूड हाती आहे त्याचेही मूळ दोर बहुधा हाती नसतात. प्रतिकृतीवर इतिहासाला धरून दोर चढवायचे तर कागदपत्रे, चित्रे आणि अवशेष एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. हे संशोधनाचे काम आहे आणि त्याला जेमतेम शंभर वर्षांची परंपरा आहे. प्रतिकृती मात्र त्याहून कितीतरी जुन्या.

मध्ययुगीन युरोपातल्या बऱ्याचशा प्रतिकृती नवसाच्या होत्या. वादळातून सुखरूप परतलेले खलाशी आपल्या जहाजाची लहान आकृती चर्चमध्ये अर्पण करत आणि ती छताला टांगली जाई. कातालोनियातील मातारो इथल्या प्रार्थनामंदिरातले 15व्या शतकातले असे एक जहाज आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. लांबी मीटरभराहून थोडी जास्त. त्या काळचे जहाज फळ्यांपासून कसे बांधत याचा तो मोलाचा पुरावा मानला जातो. डोलकाठ्या आणि दोर यांच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण तो भाग मधल्या शतकांत बदललेला आहे. जुन्या प्रतिकृतीकडे पाहताना हा प्रश्न दर वेळी पडतो: लाकूड त्या काळचे, पण दोर कोणत्या काळचे?

17व्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या अतिशय काटेकोर प्रतिकृती होऊ लागल्या. आरमाराचा कारभार पाहणाऱ्या नेव्ही बोर्डाच्या नावाने त्या आज ओळखल्या जातात. बहुतेकांचे प्रमाण 48 ला 1, म्हणजे एका फुटाला पाव इंच. पाण्याखालच्या भागावर फळ्या न मारता बरगड्या उघड्या ठेवण्याची त्यांची रीत होती. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेले आरमाराचे सचिव सॅम्युएल पेपिस यांनाही अशा प्रतिकृती जमवण्याचा नाद होता. पण यांतल्या कितीतरी प्रतिकृतींवर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत, आणि ज्यांवर चढल्या त्यांतल्या थोड्यांवरच मूळ दोर शिल्लक आहेत. नेदरलँड्समध्ये फ्लिसिंगन इथे 1698 मध्ये तयार झालेली ‘विल्यम रेक्स’ ही 74 तोफांच्या जहाजाची 12 ला 1 प्रमाणाची प्रतिकृती अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. इतक्या मोठ्या प्रमाणामुळे तिच्यावरची प्रत्येक कप्पी स्वतंत्र वाचता येते.

नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये पकडून ठेवलेल्या फ्रेंच कैद्यांनी वेगळ्याच प्रकारच्या प्रतिकृती केल्या. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे 1797 मध्ये उघडलेल्या छावणीत जेवणातल्या मांसाची हाडे उकळून, तासून त्यांची जहाजे बनत आणि बाजारात विकली जात. त्यांतली कारागिरी थक्क करणारी आहे. आराखडे हाती नसल्याने आकारमान मात्र स्मरणाने ठरे. डोलकाठ्या बहुधा अवाजवी उंच होत आणि दोरांची संख्या डोळ्यांना भरेल इतकी ठेवली जाई. कलावस्तू म्हणून त्यांचा मान मोठा आहे. रिगिंगचा पुरावा म्हणून त्या सांभाळूनच वापराव्या लागतात.

बदल घडला तो 20व्या शतकात. संग्रहालयांकडे आलेल्या जुन्या प्रतिकृतींची दुरुस्ती करताना 19व्या शतकातल्या दुरुस्तीकारांच्या चुका दिसू लागल्या. 17व्या शतकातल्या जहाजावर त्यांनी आपल्या काळातल्या व्यापारी जहाजाची शिडे आणि दोर चढवून ठेवले होते. इंग्लिश अभ्यासक रॉजर चार्ल्स अँडरसन यांनी अशा कित्येक प्रतिकृतींचे रिगिंग नव्याने केले आणि 1600 ते 1720 या काळातल्या रिगिंगवरचा आपला ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इंग्लिश, डच आणि फ्रेंच रीती वेगवेगळ्या दाखवल्या आहेत. या ग्रंथाचे महत्त्व फार मोठे, कारण देशागणिक दोर बांधण्याची पद्धत बदलते ही गोष्ट त्याने कारागिरांच्या मनावर ठसवली. 1955 मध्ये सी. नेपियन लाँगरिज यांचे ब्रिटिश आरमाराचे सेनानी नेल्सन यांच्या जहाजांवरचे पुस्तक आले. त्यांपैकी ‘व्हिक्टरी’ची 48 ला 1 प्रमाणाची प्रतिकृती त्यांनी स्वतः घडवली होती आणि प्रत्येक दोर कुठून निघतो, कुठून जातो, कुठे बांधला जातो हे त्या अनुभवातून लिहिले. 1979 मध्ये जेम्स लीज यांनी 1625 ते 1860 मधल्या इंग्लिश युद्धनौकांच्या डोलकाठ्या आणि दोर यांची मापे सूत्ररूपाने मांडली. लीज हे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात प्रतिकृतींची निगा राखण्याचे काम करत. त्यांचे बरेचसे ज्ञान जुन्या प्रतिकृती जवळून हाताळण्यातून आलेले होते.

या सर्वांच्या मागे त्या त्या काळातली कामाची पुस्तके उभी आहेत. लंडनचे प्रकाशक डेव्हिड स्टील यांनी 1794 मध्ये काढलेल्या रिगिंगच्या ग्रंथात जहाजाच्या प्रत्येक वर्गासाठी दोरांची लांबी, जाडी आणि कप्प्यांची संख्या यांची कोष्टके आहेत. ती गोदीतल्या कामगारांसाठी होती. आज त्यांचा सर्वाधिक उपयोग प्रतिकृती करणाऱ्यांना होतो. डार्सी लिव्हर यांचे तरुण अधिकाऱ्यांसाठीचे सचित्र पुस्तक 1808 मधले, जॉर्ज बिडलकोम्ब यांचे 1848 मधले.

उभे असलेले जहाज हा उत्तम पुरावा, असे सहज वाटते. ते नेहमी खरे ठरत नाही. पोर्ट्समथला जपलेली ‘व्हिक्टरी’ ट्रॅफल्गरच्या 1805 मधल्या लढाईच्या वेळच्या रूपात आणली गेली, पण 19व्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर ‘शाह’ नावाच्या दुसऱ्या युद्धनौकेच्या पोकळ लोखंडी डोलकाठ्या बसवल्या होत्या. ट्रॅफल्गरच्या वेळी त्या लाकडी होत्या. याउलट बुडालेले जहाज कधी कधी जास्त सांगते. स्वीडनची ‘वासा’ 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि 24 एप्रिल 1961 रोजी वर काढली गेली. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून ती वाचली. बुडताना चार शिडे उभारलेली होती. उरलेली सहा कोठीत घड्या करून ठेवलेली सापडली. त्यांच्याबरोबर कप्प्या आणि डोलकाठीचे दोर ताणण्याची लाकडी चकत्यांची साधनेही मिळाली. 17व्या शतकातल्या रिगिंगबद्दल चित्रांवरून काढलेली कित्येक अनुमाने या अवशेषांशी पडताळून पाहता आली.

प्रतिकृतीचे काम हाती घेताना पहिला निर्णय वर्षाचा. जहाजाचे नाव ठरवून भागत नाही, कारण एकाच जहाजाचे रिगिंग त्याच्या आयुष्यात अनेकदा बदले. इंग्लिश जहाजांपुरते बोलायचे तर काही खुणा ठळक आहेत. नाळेतून पुढे झेपावणाऱ्या तिरक्या काठीच्या, म्हणजे बोस्प्रिटच्या, टोकाशी उभी असलेली छोटी डोलकाठी 1720 च्या सुमारास नाहीशी झाली. त्याच सुमारास पुढचे त्रिकोणी शीड, जिब, मोठ्या जहाजांवर रुळले. मागच्या डोलकाठीवरचे तिरप्या काठीचे लॅटीन शीड 18व्या शतकाच्या मध्यानंतर कापून आखूड झाले, पण त्याची लांब काठी काही मोठ्या जहाजांवर शतकाच्या शेवटापर्यंत राहिली. बोस्प्रिटखाली उभा बसवलेला लहान दांडा, डॉल्फिन स्ट्रायकर, 1790 च्या दशकात दिसू लागतो. 1780 सालच्या जहाजावर तो बसवला की जाणकाराच्या नजरेत पुढचे सारे काम संशयित ठरते.

वर्षाचा हा प्रश्न मुंबईत बांधलेल्या एका जहाजाच्या उदाहरणाने चांगला समजतो. ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानातून तयार झाली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’कडून पराभूत होऊन नष्ट झाली, म्हणून मुंबईला नकाशे पुन्हा पाठवावे लागले. 1819 मध्ये ‘त्रिंकोमाली’ पोर्ट्समथला पोहोचली तेव्हा नेपोलियनशी चाललेले युद्ध संपलेले होते. पुढची पंचवीसएक वर्षे ती राखीव ताफ्यात पडून राहिली. 1845 ते 1847 मध्ये तिची मागची बाजू नव्या आकाराची केली, तोफा 26 वर आणल्या, आणि मग तिची खरी नोकरी सुरू झाली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आहे. 1990 ते 2001 या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. तिची प्रतिकृती करणाऱ्यापुढे म्हणून दोन वेगळी जहाजे असतात. मुंबईतून निघालेली 1817 ची ‘त्रिंकोमाली’ करायची तर स्टील आणि लिव्हर यांची पुस्तके उघडावीत. 1847 ची करायची तर बिडलकोम्बचे. एकीची मागची बाजू आणि दुसरीचे दोर असे मिश्रण झाले की असे जहाज कधीच कुठे तरंगलेले नसते.

वर्ष ठरल्यावर दोराची जाडी. जुन्या कोष्टकांत दोराचे माप व्यासाने दिलेले नसते, घेराने दिलेले असते. हे लक्षात न घेणाऱ्याचे दोर तिपटीहून जाड होतात. घेराला 3.14 ने भागून व्यास काढायचा आणि मग प्रमाणाने भागायचे. 18 इंच घेराचा दोर 48 ला 1 या प्रमाणात साधारण 3 मिलिमीटर जाडीचा होतो. दीड इंच घेराची चढण्याची दोरी पाव मिलिमीटरची. एका प्रतिकृतीसाठी यांच्या दरम्यानच्या दहा-बारा जाड्या तरी लागतात. बाजारातल्या संचांत बहुधा तीन-चारच मिळतात, आणि सगळे दोर सारखे दिसू लागतात. म्हणून गंभीर कारागीर दोर स्वतः वळतो. त्यासाठी लहानसे दोर वळण्याचे यंत्र लागते: एका टोकाला तीन आकड्या, दुसऱ्या टोकाला एक.

पिळाची दिशाही इतिहासाचाच भाग आहे. साधा तीन पदरी दोर उजव्या पिळाचा असे. नांगराचा जाड दोर असे तीन दोर पुन्हा उलट, डाव्या पिळाने एकत्र वळून होई. शिवणकामाच्या काही दोऱ्यांचा पीळ याच्या उलट असतो आणि भिंगाखाली ते लगेच उघडे पडते. रंगाबाबत नियम सोपा आहे. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे स्थिर दोर पाइनच्या डांबरात भिजवत, म्हणून ते गडद तपकिरी ते काळपट. शिडे आणि काठ्या हलवणारे चालते दोर हेंपच्या मूळ रंगाचे, फिक्या तपकिरी. अतिशय पांढरे दोर कोणत्याच शतकातले नाहीत.

घासला जाणारा दोर गुंडाळून घ्यावा लागे. पदरांमधल्या खाचेत बारीक दोरी बसवायची, त्यावर डांबर लावलेल्या कापडाची पट्टी पिळाच्याच दिशेने लपेटायची, आणि वरून सुतळीचे घट्ट वेटोळे उलट दिशेने घालत जायचे. प्रतिकृतीवर यांतले शेवटचे वेटोळेच दिसते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धाग्याने ते एकेक फेरा शेजारी घालत जाणे हे सर्वांत वेळखाऊ काम. पण ते टाळले तर दोर उघडाबोडका दिसतो.

दोर चढवण्याचा क्रम खऱ्या जहाजावरचाच पाळावा लागतो, कारण डोलकाठीच्या माथ्यावर फास एकावर एक बसतात आणि तिथला थर नंतर बदलता येत नाही. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोरांना श्राउड म्हणतात. ते जोडीजोडीने बसतात: आधी उजव्या बाजूची सर्वांत पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. त्यांच्यानंतर पुढच्या बाजूला ओढणारा स्टे. श्राउडची खालची टोके डेडआय नावाच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्यांनी ताणली जातात. दोन चकत्यांमधून बारीक दोर ओवून तो घट्ट करतात आणि त्याच्या टोकाची गाठ वरच्या चकतीच्या आतल्या, जहाजाकडच्या बाजूला राहते. वरच्या चकत्या एका सरळ रेषेत येणे ही कारागिराची परीक्षा आहे. पुढे श्राउडवर आडव्या दोऱ्या बांधतात, त्यांवर पाय ठेवून खलाशी वर चढत. खऱ्या जहाजावर त्यांच्यातले अंतर 13 ते 15 इंच, म्हणजे एका माणसाच्या पायरीएवढे. 48 ला 1 मध्ये ते 7 ते 8 मिलिमीटर. हजाराच्या आसपास गाठी माराव्या लागतात. दोऱ्या जरा जास्त ताणल्या की बाहेरचे श्राउड आत खेचले जातात आणि मधे कंबर पडते. ती चूक खालून वर जाताना हळूहळू साठते आणि शेवटी सगळे सोडून पुन्हा बांधावे लागते.

चालत्या दोरांत मात्र तर्काने बरेच साधते. शिडाचे कोणते टोक कुठे ओढायचे हे कळले की दोराचा मार्ग आपोआप उलगडतो. इथे सर्वाधिक घडणारी चूक शिडांशिवाय केलेल्या प्रतिकृतींत दिसते. वरच्या शिडांच्या आडव्या काठ्या शीड उभारतानाच वर नेत; शीड नसताना त्या खाली उतरवून ठेवलेल्या असत. शीड नाही आणि काठी मात्र डोलकाठीच्या टोकाशी, असे दृश्य कोणत्याही बंदरात दिसले नसते. शीड काढल्यावर त्याच्या कोपऱ्यांचे वर ओढणारे आणि खाली ओढणारे दोर एकमेकांना जोडून ठेवत. प्रतिकृतीवरही ते तसेच जोडावे लागतात. सगळे दोर बांधून झाल्यावर उरलेल्या भागाच्या वेटोळ्या घालतात. उजव्या पिळाच्या दोराची वेटोळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि ती आपल्या वजनाने लोंबलेली दिसली पाहिजे, म्हणून सौम्य गोंदाने ओली करून आकार देतात.

पश्चिम किनाऱ्यावरच्या जहाजांची प्रतिकृती करताना हे सर्व नियम बदलतात. इथले दोर मुख्यतः काथ्याचे, शिडे एका मोठ्या तिरप्या काठीला बांधलेली, आणि दोरांची संख्या फार थोडी. मराठ्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबते यांचे नेमके वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्लिश इतिहासकाराने 18व्या शतकात करून ठेवले आहे. गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. तीनवाली सुमारे 300 टनांची, दोनवाली 150 टनांपर्यंतची. गलबत 70 टनांच्या आतले, 40 ते 50 वल्ह्यांचे, आणि त्याचे त्रिकोणी शीड इतके मोठे की उभारल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्या माथ्याच्याही बरेच वर जाई. गलबताच्या प्रतिकृतीत शिडाचे टोक डोलकाठीच्या खाली राहिले तर ती चुकली, एवढे या एका नोंदीवरून ठरवता येते. पत्तेमारी या इथल्या शिडाच्या मालवाहू नौकेसाठी याहून चांगली साधने आहेत. जॉन एडी यांनी 1834 मध्ये मलबार, कोरोमंडल आणि सिलोनच्या किनाऱ्यांवरच्या नौकांचा सचित्र लेख प्रसिद्ध केला. फ्रेंच आरमारी अधिकारी एदमों पारी यांनी 1841 ते 1843 मध्ये युरोपबाहेरच्या नौकांचा भव्य चित्रसंग्रह काढला. 1871 पासून लूव्रमधल्या आरमारी संग्रहालयाचे प्रमुख असताना पारींनी आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृतीही करवून घेतल्या. त्या पॅरिसच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. पत्तेमारीची डोलकाठी पुढे झुकलेली असते. ती सरळ उभी करणे ही नवख्याची नेहमीची चूक.

या किनाऱ्यावर युरोपीय पद्धतीच्या जहाजांवरही इथलेच खलाशी काम करत आणि त्यांची स्वतःची दोरांची भाषा होती. थॉमस रोबक यांनी 1811 मध्ये कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्तानी आरमारी शब्दकोश छापून ती नोंदवली. पुढच्या डोलकाठीला त्रिकट, मागच्या डोलकाठीला कलमी, वरच्या शिडाला गावी हे त्या भाषेतले शब्द. त्रिकट आणि गावी पोर्तुगिजांकडून आलेले. मुंबईत बांधलेल्या जहाजावर दोर चढवताना गोदीत आणि डेकवर असेच शब्द बोलले जात असणार.

कोकणातल्या शिडाच्या होड्यांवर आता इंजिने बसली आहेत, आणि ज्या तांडेलांनी शिडावर मालवाहतूक केली ते वृद्ध झाले आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटले तर प्रतिकृती करणाऱ्याने प्रत्येक दोराबद्दल चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात: त्याचे नाव काय, तो कुठून सुटतो, कशातून जातो आणि कुठे बांधतात.